दिवाणखान्यातल्या फायरप्लेसचं नवं रूप: कामाच्या नोंदी

९ ऑगस्ट

आज फक्त टेप, वही आणि पेन्सिल. फायरप्लेसच्या तोंडाची रुंदी ९० सेंटिमीटर, उंची ७५. तोंडाच्या वरच्या कडेपासून मँटेलच्या, म्हणजे तोंडावर भिंतीला बसवलेल्या लाकडी फळीच्या, तळापर्यंत २२. फळी भिंतीपासून २० पुढे आलेली. समोरचा ओटा तोंडापासून ४२ पुढे आणि दोन्ही बाजूंना जेमतेम १५.

विटा गडद तपकिरी, दरजा करड्या, काचेच्या दारांची चौकट पिवळ्याधमक पितळेची, मँटेलवर तेलरंगाचे इतके थर की लाकडाच्या कडा गोल झाल्या आहेत. ओट्याच्या दोन टाइल्स तडकलेल्या. पण खोलीत शिरल्यावर नजर जाते ती तोंडाच्या वर पसरलेल्या काळ्या डागाकडेच.

घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, "सरळ पांढरा रंग मारून टाक." मला ते पटत नाही. डाग विटेचा नाही, धुराचा आहे. धूर वर जायचा सोडून खोलीत का येतो, ते कळल्याशिवाय कुठलाही रंग दिला तरी पहिल्याच थंडीत तो पुन्हा काळवंडणार. म्हणून आधी धूर, मग रंग, असा क्रम ठरवला आहे.

१६ ऑगस्ट

धुराडं साफ करून घेतलं. हे काम माणूस बोलावूनच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. काजळी ब्रशने निघते, पण ओल्या लाकडाच्या धुरातून धुराड्याच्या आत जे डांबरासारखं क्रिओसोट जमतं, त्याचा थर वाढून चकाकायला लागला की ते साध्या ब्रशला दाद देत नाही. आणि धुराड्याला आग लागते ती त्यालाच. आमच्याकडे थर पातळ आणि भुसभुशीत होता, सगळा निघाला.

माहिती दोन बाबतींत मिळाली. धुराड्याची आतली पोकळी चौकोनी, २५ बाय २५. आणि वरच्या टोकाला टोपी नाही. पाऊस थेट आत येतो. डाव्या बाजूच्या विटांवर जो पांढरा लोणा फुटलाय, त्याचं मूळ तिथे आहे. पाणी विटेत मुरतं, आतले क्षार विरघळवतं, पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. टोपी लगेच बसवून घेतली, जाळीसकट, म्हणजे पक्षीही आत घरटं करणार नाहीत.

धुराड्याची झडप मात्र सुरेख आहे. जड बिडाची, एका बोटाने हलते, पूर्ण उघडते.

१७ ऑगस्ट

पत्र्याची चाचणी. अगदी सोपी आहे आणि रंगाचा डबा उघडण्याआधी प्रत्येकाने करावी अशी आहे.

झडप पूर्ण उघडली, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद केला, वर्तमानपत्राची गुंडाळी पेटवून धुराड्याच्या घशाशी धरली. आतली थंड हवा गरम झाली की ओढ सुरू होते. मग वाळक्या काटक्यांची छोटी आग. काही मिनिटांत तोंडाच्या वरच्या कडेखालून धुराची पातळ जीभ बाहेर आली. खिडकी उघडून पाहिली, तरी येतच राहिली. म्हणजे खोलीत हवा कमी पडतेय असं नाही.

आता एक लांब पत्रा, जाड हातमोजे घालून, तोंडाच्या वरच्या कडेला आडवा धरला आणि हळूहळू खाली आणत गेले. सातेक सेंटिमीटर खाली आल्यावर धूर मुकाट्याने आत वळला. पत्रा वर नेला की पुन्हा बाहेर. खाली आणला की आत. पुन्हापुन्हा तेच.

हिशेबही तेच सांगतो. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत चौकोनी धुराड्याची पोकळी तोंडाच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश असावी असं म्हटलं आहे, गोल असेल तर बारावा भाग चालतो. आमचं तोंड ९० गुणिले ७५, म्हणजे ६,७५० चौरस सेंटिमीटर. त्याला ६७५ ची पोकळी हवी, आहे ६२५. तोंडाची उंची ८ सेंटिमीटरने कमी केली तर क्षेत्रफळ ६,०३० होतं आणि गणित जुळतं.

तर वरच्या कडेखाली ८ सेंटिमीटर उंचीची लोखंडी पट्टी बसवायची. याचा दिसण्यावरही चांगला परिणाम होईल. ९० बाय ७५ चं तोंड चौरसाकडे झुकतं आणि आ वासल्यासारखं दिसतं, ९० बाय ६७ निवांत आडवं दिसेल.

२३ ऑगस्ट

मँटेल आणि पितळी चौकट उतरवली. मँटेलचा रंग जुना आहे आणि जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं, म्हणून तो घासण्याच्या भानगडीत न पडता फळी अखंड काढून प्लास्टिकमध्ये गुंडाळली. कोरडं घासलं असतं तर ती धूळ घरभर झाली असती.

फळीचा तळ पाहण्यासारखा होता. मधोमध, बरोबर तोंडावर, रंग करपून तपकिरी झालेला, एके ठिकाणी फोड येऊन फुटलेला, खालचं लाकूड कोळशाच्या वाटेवर. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड हळूहळू बदलत जातं आणि ताज्या लाकडापेक्षा कमी उष्णतेत पेटू शकतं. म्हणजे इतकी वर्षं काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही, असं इथे म्हणता येत नाही.

अमेरिकेतल्या एनएफपीए २११ या अग्निसुरक्षेच्या मानकाप्रमाणे तोंडाच्या कडेपासून १५ सेंटिमीटरच्या आत जळू शकणारं काहीच नको. १५ ते ३० च्या पट्ट्यात असेल तर ते जितकं दूर, त्याच्या एक अष्टमांशच पुढे आलेलं चालतं. आमची फळी २२ वर होती, तिने पावणेतीन सेंटिमीटरच पुढे यायला हवं होतं, ती आलेली २०. जाड मँटेल हवं असेल तर ३० च्या वर जायचं, एवढं सरळ आहे.

आणखी एक गोष्ट उघडी पडली. तोंडावरचं ओझं पेलणारा लोखंडी अँगल दोन्ही टोकांना सिमेंटमध्ये घट्ट कोंबलेला आहे आणि दोन्ही कोपऱ्यांतून तिरक्या भेगा वर गेल्या आहेत. लोखंड तापलं की लांबतं. मीटरभर लांबीला दर शंभर अंशांमागे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. टोकांना जागा नसेल तर ते विटांना ढकलणार.

२४ ऑगस्ट

वर्तमानपत्रांची मँटेल्स. जाड पुठ्ठ्याच्या पेटीला कागद गुंडाळून वेगवेगळ्या उंचीवर मास्किंग टेपने चिकटवून बघितलं. सोफ्यावर बसून, दारातून, जिन्यावरून. मँटेल तोंडापासून ४० सेंटिमीटरवर गेलं की वरच्या भिंतीशी त्याचं नातं जुळतं. त्याहून वर गेलं की खालचं तोंड एकटं पडतं. लांबी १६० छान दिसते, तोंडाच्या दोन्ही बाजूंना ३५-३५ जास्त.

वर टीव्ही लावायचा का, हा विषय निघाला आणि मी तो तिथेच संपवला. तिथली गरम हवा त्या यंत्राला मानवत नाही, बघणाऱ्याची मान अवघडते आणि एका भिंतीवर दोन प्रकाश भांडत बसतात.

३० ऑगस्ट

विटा धुतल्या. कोरड्या तारेच्या ब्रशने आधी लोणा झाडला, पाणी लावून नाही, नाहीतर तेच क्षार परत आत जातात. मग काजळीसाठी कोमट पाणी, धुण्याचा सोडा आणि ताठ नायलॉनचा ब्रश, वरून खाली. पाणी काळं, मग करडं, मग चहाच्या रंगाचं. डाग पूर्ण गेला नाही, पण तेलकटपणा गेला आणि तेवढं पुरे.

धुऊन दोन दिवस वाळू द्यायचं आणि मग थेंबाची परीक्षा.

२ सप्टेंबर

विटेवर बोटाने पाण्याचे थेंब टाकले. थेंब क्षणभर टिकून आत जिरले, मागे गडद ठिपका. म्हणजे विटांना पूर्वी कुणी वॉर्निश किंवा सीलर लावलेलं नाही. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला असता तर चुना धरला नसता आणि सगळा बेत बदलावा लागला असता.

चुनाच का, ते इथे लिहून ठेवते. ॲक्रिलिक रंग विटेवर पातळ पापुद्रा बनवतो. मागून ओल आली की त्या पापुद्र्याखाली अडकते आणि रंगाचे पोपडे निघतात. शिवाय एकदा लावला की विटेच्या छिद्रांतून तो परत काढणं जवळजवळ अशक्य. चुना विटेत शिरतो, श्वास घेऊ देतो, उष्णतेने मऊ पडत नाही. आणि विटेचा खडबडीतपणा, दरजांची सावली तशीच राहते. ज्याला भिंत एकसारखी गुळगुळीत पांढरी हवी आहे त्याने चुन्याच्या वाटेला जाऊ नये. मला तेच नको आहे.

६ सप्टेंबर

मिस्त्री आले. अँगलची टोकं मोकळी केली, दोन्हीकडे चार-चार मिलिमीटर जागा सोडून त्यात उष्णता सहन करणारी दोरी दाबली. तिरक्या भेगांतल्या दरजा दोन सेंटिमीटर खोल खरवडून चुना-सिमेंटच्या मसाल्याने पुन्हा भरल्या. मसाला विटेपेक्षा कडक नको, यावर आमचं लगेच एकमत झालं. पुढे पुन्हा ताण आलाच तर दरज फुटावी, वीट नाही.

आतल्या खणाच्या अग्निविटा शाबूत आहेत, पण मागच्या भिंतीतल्या काही दरजा रिकाम्या होत्या. तिथे साधं सिमेंट चालत नाही. साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातला बंध सुटायला लागतो. भट्टीसाठीचा रिफ्रॅक्टरी मसालाच हवा, आणि दरजही बारीक, सहा मिलिमीटरच्या आत.

८ सेंटिमीटरची पट्टी अँगलच्या खाली बोल्टने लावली. बोल्टची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवली, म्हणजे तीही मोकळेपणाने लांबू शकेल.

मिस्त्री जाताना म्हणाले, "ताई, आतून काळा रंग मारून देऊ का? उठून दिसेल." नको म्हटलं. उष्णतेचा अभ्यास करणाऱ्या काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ मध्ये फायरप्लेसवर जो निबंध लिहिला, त्यात आतल्या बाजू काळ्या ठेवू नका, पांढऱ्या ठेवा असं बजावलं आहे. काळा पृष्ठभाग उष्णता गिळतो, पांढरा ती खोलीत परत टाकतो. उथळ खण, बाहेरच्या बाजूला पसरत जाणाऱ्या तिरक्या भिंती आणि अरुंद घसा ही त्याची मांडणी आजही शिकवली जाते. आमचा खण तितका उथळ नाही, तो बदलणं या कामात बसत नाही. पण अग्निविटांचा गव्हाळ रंग मुळात फिका आहे, तो झाकायचा कशाला? मोठी आग पेटली की मागच्या भिंतीवरची काजळी आपोआप जळते आणि वीट पुन्हा उघडी दिसते. ते बघायला मला फार आवडतं.

१३ सप्टेंबर

ओटा फोडला. खालचं काँक्रीट चांगलं निघालं.

तोंडाचं क्षेत्रफळ ०.५६ चौरस मीटरच्या वर असेल तर जळणार नाही असा ओटा समोर निदान ५१ सेंटिमीटर आणि बाजूंना ३०.५ हवा, त्याखाली असेल तर ४१ आणि २० चालतो. आमचं तोंड कमी करूनही ०.६० आहे. म्हणून नवा ओटा ५५ पुढे, १५६ रुंद. फरशीचा लाकडी भाग तेवढा कापला, खाली काँक्रीट वाढवलं. निखारा फुटून उडतो तो याच पट्ट्यात पडतो, त्यामुळे इथे गालिचाही येणार नाही.

२० सप्टेंबर

ओट्याला काळसर स्लेट, मॅट. चकचकीत दगड नको होता, त्यावर राखेचा प्रत्येक कण आणि चिमट्याचा प्रत्येक ओरखडा दिसतो. तीन मोठे तुकडे, मधली दरज तीन मिलिमीटर, खाचांच्या थापीने मसाला पसरून. प्रत्येक तुकडा ठेवल्यावर एकदा उचलून मागची बाजू बघितली. मसाला पूर्ण टेकलेला हवा. पोकळी राहिली आणि वरून जड ओंडका पडला तर दगड तिथेच तडकतो. लाकडी फरशीच्या बाजूला फट सोडली, ती लवचिक सीलंटने भरली. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, दगड नाही.

पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध.

२७ सप्टेंबर

चुन्याचा पहिला हात.

मुरवलेला चुना, त्यात चार-पाच पट पाणी, दुधाइतकं पातळ. गाळणीतून गाळला. चुना डोळ्यांत गेला तर इजा करतो, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे काढायचे नाहीत, कितीही उकडलं तरी. विटांवर पाणी शिंपडून त्या ओलसर केल्या. कोरडी वीट चुन्यातलं पाणी एका दमात ओढून घेते आणि वर नुसती पूड उरते.

रुंद कुंचला, आडवे-उभे हात, आधी दरजा मग विटेचं तोंड. लावताना जवळजवळ काहीच दिसत नाही. ओला चुना पारदर्शक असतो, वीट थोडी धुरकट झाल्यासारखी वाटते, आणि इथेच माणूस जास्त लावायला जातो. हात आवरायचा. तासाभराने वरचा कोपरा उजळायला लागला, मग ओळीओळीने खाली. वीट दिसते आहे, पण तिचा तपकिरी जडपणा मागे सरला आहे. एका विटेच्या कडेला भट्टीतला जुना काळा चटका होता, तो पांढऱ्याखालून निळसर दिसतो. तो तसाच ठेवणार.

चुना वाळतो म्हणजे नुसतं पाणी उडत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड बनतो. त्याला थोडी ओल आणि वेळ दोन्ही लागतं. म्हणून या दिवसांत आग अजिबात नाही आणि पंख्याचा थेट वाराही नाही.

२८ सप्टेंबर

दुसरा हात. जुन्या डागाच्या जागी थोडा पिवळसरपणा वर आला आहे, तिथे आणखी एक हात द्यावा लागेल. डाव्या कोपऱ्यातला लोणा परत आलेला नाही.

मध्येच काही विटांवरचा चुना ओल्या फडक्याने हलका पुसून काढला. ताजा असताना हे जमतं, नंतर नाही. सगळीकडे सारखा पांढरेपणा आला की भिंत सपाट दिसते, कमी-जास्त ठेवलं की विटेला विटेपण राहतं.

३० सप्टेंबर

डागाच्या जागी तिसरा हात. आता पुरे.

४ ऑक्टोबर

मँटेल. सुतारकाकांनी नीट वाळलेलं सागवान आणलं, ८ सेंटिमीटर जाड, १८ खोल, १६० लांब. मी पहिल्यांदा त्याचं टोक पाहिलं. वाढीच्या रेषा बारीक, भेग कुठे नाही. ओलसर लाकूड इथे लावलं तर आगीच्या पहिल्या महिन्यातच वाकतं.

भिंतीत चार पोलादी सळया, दरजेत नाही, विटेच्या मध्यात भोक पाडून रसायनाने पक्क्या केलेल्या. फळीच्या मागच्या बाजूला तितकीच भोकं, फळी सळयांवर सरकवून बसवली. फळीची मागची कड काकांनी विटांच्या उंचसखलपणाप्रमाणे रंध्याने आणि पटाशीने जुळवली. या एका कडेवर त्यांचा अर्धा दिवस गेला आणि तो सार्थकी लागला. फळी भिंतीतूनच बाहेर आल्यासारखी दिसते.

"पॉलिश कुठलं देऊ?" काकांनी विचारलं. चकाकी नको, नुसतं तेल. ते तेलाचे बोळे मात्र काकांनी लगेच पाण्याच्या डब्यात टाकले. जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून पडला तर आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतो.

११ ऑक्टोबर

काचेची दारं फेकायची नव्हती. पितळी चौकट बारीक घासकागदाने खरखरीत केली, स्पिरिटने पुसली आणि ६५० अंशांपर्यंत टिकणारा काळा स्प्रे तीन पातळ हातांत दिला, बाहेर, मोकळ्या हवेत. लाकडांची जाळीही त्याच रंगाची. काचेवरची काजळी ओल्या कागदाला राख लावून पुसली. राखेइतकं चांगलं दुसरं काही नाही.

खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला.

१८ ऑक्टोबर

चुना लावून झाल्यावर जितकं थांबता येईल तितकं थांबलो. आज पहिली आग, मूठभर काटक्यांची, अर्ध्या तासात विझू दिली. नव्या मसाल्यातली ओल हळू बाहेर पडायला हवी. दारांचा रंगही पहिल्यांदा तापताना धूर सोडतो, त्यामुळे खिडक्या सताड उघड्या.

धूर पट्टीखालून एकदाही बाहेर आला नाही. एक्झॉस्ट पंखा मुद्दाम चालू करून पाहिला, तेव्हा ओढ थोडी मंदावली. आग असताना तो बंद, हा नियम ठरला.

२५ ऑक्टोबर

पूर्ण आग, दोन चांगले ओंडके, तासभर. खोलीची हवा २१ अंश. दुरून तापमान मोजणाऱ्या यंत्राने मँटेलचा तळ मधोमध ४६. हात टेकवून ठेवता येतो. पट्टी २०० च्या वर, तिच्या टोकांची फट कमी झालेली डोळ्यांना दिसते. तिरक्या भेगांच्या जागी काही नाही, टॉर्च लावून बघितलं.

विटेची भिंत संध्याकाळी आगीच्या उजेडात गुलाबी दिसते, दिवसा खिडकीच्या उजेडात करडी-पांढरी. मँटेलवर काय ठेवायचं यावर घरात चर्चा चालू आहे. माझं मत, मधली ४० सेंटिमीटर रिकामी ठेवावी आणि एका टोकाला एकच उंच वस्तू. वाळलेली फुलं, कागद, मेणबत्त्या तिथे नकोत.

राहिलेली कामं: दारांच्या कड्या जुन्याच पितळी आहेत, त्या काळ्या करायच्या. उजव्या बाजूच्या भिंतीत लाकडं रचायला कोनाडा काढता येईल का, ते मिस्त्रींना विचारायचं, पण तोंडापासून अंतर मोजून. लाकडं फोडून वर्षभर वाळलेलीच घ्यायची, आणि धुराडं पुढच्या हंगामाआधी पुन्हा साफ करून घ्यायचं.